कोळशाचं ग्रिल घेताना आधी झडपा पाहा

१ किलो लाकडी कोळसा पूर्ण जळायला साधारण ८ ते ९ घनमीटर हवा लागते. १० बाय १० फुटांच्या आणि तितक्याच उंच खोलीतली जवळजवळ एक तृतीयांश हवा झाली ही. वजनात मोजलं तर किलोभर कोळशामागे सुमारे १० किलो हवा. म्हणजे परसात ग्रिल पेटवलं की त्यात जे काही जळतं, त्यातला आपण पिशवीतून ओतलेला भाग अगदीच थोडा असतो. बाकीचा माल खालच्या भोकांतून फुकट आत येत असतो. तरीही ग्रिल घ्यायला गेलेला माणूस काय पाहतो, तर जाळी किती मोठी, रंग कसा, चाकं आहेत का, बाजूला ताट ठेवायला फळी आहे का. हवा कुठून येते, कुठून जाते आणि ती अडवायची कशी, हे प्रश्न बहुधा घरी आल्यावर पडतात. माझ्या मते दुकानात आधी हेच विचारावेत, रंगाचं नंतर बघता येतं.

लाकूड हवा लागू न देता तापवत नेलं की त्यातलं पाणी, डांबर आणि पेट घेणारे वायू निघून जातात. मागे उरतो तो बहुतांशी कार्बन, म्हणजेच कोळसा. लाकडाची ज्योत असते ती त्या वायूंची. कोळशात ते जवळजवळ उरलेलेच नसतात, म्हणून चांगला पेटलेला कोळसा ज्योतीशिवाय नुसता फुलतो. मधूनच दिसणाऱ्या निळसर जिभा कार्बन मोनॉक्साइडच्या. त्याच्याकडे पुढे येऊच. फुललेल्या निखाऱ्याचं ज्वलन होतं ते त्याच्या पृष्ठभागावर. ऑक्सिजन तिथवर पोचला तर कार्बन जळतो, नाही पोचला तर तसाच पडून राहतो. ग्रिलमध्ये कोळशाचा ढीग असतो, तुटवडा असतो तो ऑक्सिजनचा.

यातून एक फार सोयीची गोष्ट निघते. १९१७ साली डब्ल्यू. एम. थॉर्नटन यांनी दाखवून दिलं की सेंद्रिय इंधन कुठलंही असो, १ किलो ऑक्सिजन खर्ची पडला की मिळणारी उष्णता जवळपास ठरलेली असते, साधारण १३ मेगाज्यूल. कोळशालाही हा नियम थोड्याफार फरकाने लागू पडतो. आत येणारी हवा निम्मी केली, की आत कितीही कोळसा असो, उष्णताही निम्मी होते. गॅसच्या शेगडीला जशी चावी, तशी कोळशाच्या ग्रिलला झडप. अर्थात झडप अर्धी सरकवली म्हणजे हवा बरोबर अर्धी झाली असं होत नाही. तो अंदाज हाताला हळूहळूच येतो.

पण झडपेचं काम वाटतं त्याहून नाजूक आहे. आतली तापलेली हवा हलकी होऊन वरच्या झडपेतून निघून जाते आणि तिच्या जागी खालून थंड हवा ओढली जाते. ही ओढ किती? आतली हवा २०० अंश सेल्सिअसला आहे आणि खालच्या-वरच्या झडपांमध्ये अर्ध्या मीटरची उंची आहे असं धरलं, तर जेमतेम २ पास्कल (पास्कल हे दाबाचं एकक). याउलट ताशी ११ किलोमीटरची साधी झुळूक समोरून आदळली तर तिचा दाब ५ पास्कलच्या वर जातो. म्हणजे झाडाची पानं हलवणारा वारा ग्रिलच्या स्वतःच्या ओढीपेक्षा दुपटीहून जोरकस ठरतो. वारा असेल तर खालची झडप त्याच्या थेट तोंडावर ठेवू नये, याचं कारण हे.

झाकणाच्या फटीचं महत्त्वही याच आकड्यांत दडलेलं आहे. ५७ सेंटीमीटर व्यासाचं झाकण घ्या. त्याचा परीघ भरतो सुमारे १८० सेंटीमीटर. सगळीकडून फक्त १ मिलिमीटरची फट राहिली तरी एकूण १८ चौरस सेंटीमीटरची वाट मोकळी झाली. हे जवळजवळ ५ सेंटीमीटर व्यासाचं भोक, आणि ते कुठल्याही झडपेने बंद होत नाही. मग खालची झडप कितीही बारकाईने सरकवा, ग्रिल आपल्या मर्जीने तापतं. पत्रा जाड आहे, हँडल लाकडी आहे, पण झाकण डगडगतं, असं ग्रिल मी तरी घेणार नाही.

झाकणाचं ग्रिल घरोघरी नेण्याचं श्रेय बऱ्याच अंशी जॉर्ज स्टीफन यांना जातं. ते शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करत. तिथे पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांसाठी धातूचे गोळे बनत. उघड्या ग्रिलमध्ये वारा आणि राख यांनी त्यांना हैराण केलं होतं. १९५२ मध्ये त्यांनी तसाच एक गोळा घेतला, खालच्या अर्ध्याला पाय लावले आणि वरच्या अर्ध्याचं झाकण केलं. आज केटल ग्रिल म्हणून जो गोलमटोल आकार दिसतो, तो इथून आला.

मग उघडं, बिनझाकणाचं ग्रिल अगदीच टाकाऊ का? नाही. तिथे हवेवर ताबा नसतो, पण धगेशी अंतर राखता येतं. जाळीवरचा पदार्थ शिजतो तो मुख्यतः निखाऱ्यांतून निघणाऱ्या अवरक्त किरणांनी, आणि ही धग केल्विनमधल्या (म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून येणाऱ्या) तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. सुमारे ५२५ अंश सेल्सिअसचा मंद निखारा फुंकर घालून ७२५ अंशांवर नेला, तर केल्विनमध्ये तापमान सव्वापट होतं. धग मात्र जवळजवळ अडीचपट. त्या अवस्थेत निखाऱ्यांचा १ चौरस मीटर थर ५० किलोवॉटहून अधिक उष्णता बाहेर फेकतो, भर दुपारच्या उन्हाच्या सुमारे ५० पट. निखाऱ्यांवर राखेचा जाड पापुद्रा बसला की दिसणारा पृष्ठभाग थंड होतो आणि हाच चौथा घात उलट्या दिशेने काम करतो. राख झटकली की जाळीवरचा आवाज लगेच का बदलतो, ते यावरून कळावं.

आता उंचीचं. बऱ्याच ग्रिलना जाळी वर-खाली करायची सोय असते आणि विक्रेते ती कौतुकाने दाखवतात. शाळेत आपण शिकलो की धग अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. ते खरं, पण ठिपक्याएवढ्या स्रोतासाठी. निखाऱ्यांचा थर हा ठिपका नव्हे. ३० सेंटीमीटर व्यासाच्या गोल थराच्या मध्यावर, १० सेंटीमीटर उंचीवर ठेवलेल्या पदार्थाला पूर्ण धगेच्या सुमारे ६९ टक्के मिळते. २० सेंटीमीटरवर ती ३६ टक्क्यांवर येते, म्हणजे जवळपास निम्मी. थराचा व्यास ५० सेंटीमीटर केला तर हेच आकडे ८६ आणि ६१ टक्के होतात. अंतर दुप्पट करूनही धग तीस टक्केसुद्धा कमी झाली नाही! लहान ग्रिलमध्ये वर-खाली होणारी जाळी कामाची आहे, मोठ्यात ती बरीचशी शोभेची.

मोठ्या ग्रिलमध्ये पदार्थ वर उचलण्यापेक्षा बाजूला सरकवावा. निखारे एका अर्ध्या भागात ओढायचे, दुसरा अर्धा रिकामा ठेवायचा. एका बाजूला थेट धग, दुसऱ्या बाजूला झाकणाखाली फिरणारी गरम हवा. याची गरज पडते ती जाड तुकड्यांना. पृष्ठभागावर खमंग तपकिरी रंग यायचा तर अमिनो आम्लं आणि शर्करा यांच्यातली मेलार्ड अभिक्रिया जोमात यावी लागते, आणि त्यासाठी साधारण १४० अंश तरी हवेत. पृष्ठभाग ओला असेपर्यंत मात्र पाणी त्याला १०० अंशांच्या आसपास अडवून धरतं. त्यामुळे बाहेरून कडक धग लागते. आत मात्र उष्णता सावकाश झिरपते: तुकड्याची जाडी दुप्पट केली तर ती मध्यापर्यंत पोचायला सुमारे चौपट वेळ लागतो. थेट धगेवर इतका वेळ ठेवलं तर बाहेर कोळसा आणि आत कच्चं. म्हणून ग्रिलचा आकार ठरवताना माणसं मोजू नयेत. जाळीच्या निम्म्या भागात एका वेळचं अन्न मावतं का, ते पाहावं. पातळ काप आणि भाज्याच भाजायच्या असतील तर हा सगळा खटाटोप नको, लहान उघडं ग्रिल पुरे.

भिंतींच्या बाबतीत पातळ पोलाद की जाड सिरॅमिक, हा वाद कधी संपत नाही. ढोबळ हिशेब करून पाहू. ५७ सेंटीमीटरच्या गोल पोलादी ग्रिलचा बाहेरचा पृष्ठभाग सुमारे १ चौरस मीटर. तो १५० अंशांवर असेल तर त्यातून साधारण २ किलोवॉट उष्णता बाहेर जाते. कोळशाची उष्णता किलोमागे ३० मेगाज्यूल धरली, तर दर तासाला पाव किलो कोळसा नुसता परस तापवण्यात जातो. जाड सिरॅमिकचा बाहेरचा भाग ७० अंशांवर राहिला तर हाच तोटा अर्ध्या किलोवॉटच्या घरात येतो. मंद आचेवर तासन्‌तास शिजवायचं असेल तर सिरॅमिकला तोड नाही. जपानी कामादो चुलींवरून आलेली अंड्याच्या आकाराची ग्रिल याच गुणावर चालतात. पण ६०-७० किलोचं ते धूड आधी तापवावं लागतं आणि त्यातच पाव किलोहून जास्त कोळसा खर्च होतो. शिवाय चुकून जास्त तापलं तर ते लवकर खाली येत नाही. पोलादी ग्रिल झडप सरकवली की काही मिनिटांत ऐकतं. आठवड्यातून एकदा तासाभरासाठी पेटवणाऱ्याला पोलादच बरं. मात्र त्यावर नुसता रंग नको, भट्टीत भाजून बसवलेला काचेचा मुलामा हवा. साधा रंग या उष्णतेत पोपडे धरतो आणि खालचा पत्रा गंजतो.

जाळीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. बिडाची जाळी जड असते, उष्णता साठवते, ठसठशीत पट्टे उमटवते आणि तेल-पाणी न केल्यास गंजते. स्टेनलेसची जाड सळ्यांची जाळी कमी कौतुकाची पण निगुतीला सोपी. बारीक तारांची जाळी कुठल्याही धातूची असो, वाकते.

कोळसाही निवडीचाच भाग. ओबडधोबड तुकड्यांचा कोळसा लवकर पेटतो, जास्त तापतो, राख कमी करतो. पण लहानमोठ्या तुकड्यांमुळे हवेच्या वाटा दर वेळी वेगळ्या होतात आणि आच एकसारखी राहत नाही. ब्रिकेट म्हणजे भुकटी स्टार्चसारख्या चिकट द्रव्याने दाबून केलेल्या वड्या. एलस्वर्थ झ्वॉयर यांनी १८९७ मध्ये अमेरिकेत त्यांचं पेटंट घेतलं, आणि पुढे हेन्री फोर्ड यांच्या कंपनीने मोटारींच्या लाकूडकामातल्या उरलेल्या लाकडापासून त्या मोठ्या प्रमाणावर बनवल्या. त्या एकसारख्या जळतात, पण राख बरीच करतात. त्या वापरायच्या असतील तर राखेचं भांडं मोठं आणि सहज निघणारं हवं, कारण साचलेली राख पहिल्यांदा खालची झडपच बुजवते.

धुराची चव कोळशातून येते हा समज पुरा खरा नाही. लाकडाचे सुवासिक वायू कोळसा बनतानाच गेलेले असतात. ती चव बरीचशी येते निखाऱ्यावर ठिबकून जळणाऱ्या चरबीतून. त्याच धुरातून बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्यंही पदार्थावर बसतात. त्यामुळे चरबी ठिबकणारा पदार्थ रिकाम्या बाजूला ठेवता येणं, ही चवीइतकीच तब्येतीचीही सोय आहे. ज्या ग्रिलमध्ये दोन भाग करायला जागाच नाही, तिथे ती मिळत नाही.

जुन्या पिंपापासून ग्रिल बनवून देणारेही असतात. पिंप जस्ताचा मुलामा दिलेलं असेल तर नको म्हणावं. जस्त ४१९ अंशांनाच वितळतं, निखारे त्याच्या कितीतरी वर असतात, आणि त्याच्या ऑक्साइडचा धूर छातीत गेला की थंडी-ताप भरतो. त्याहून मोठा धोका मघाच्या निळ्या जिभांचा. अपुऱ्या हवेत निखारे कार्बन मोनॉक्साइड सोडतात. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक घट्ट धरतो. पाऊस आला म्हणून ग्रिल घरात, गॅरेजमध्ये किंवा तंबूत ओढणं जिवावर बेतू शकतं, निखारे विझत आलेले असले तरीही. राखेखालची धग दुसऱ्या दिवसापर्यंत टिकू शकते, तेव्हा ती प्लास्टिकच्या कचरापेटीत टाकू नये.

दुकानातली चाचणी सोपी आहे. मोबाइलचा टॉर्च लावून तो ग्रिलमध्ये ठेवा, झाकण लावा, सगळ्या झडपा बंद करा आणि अंधाऱ्या कोपऱ्यात चहूबाजूंनी वाकून पाहा. विक्रेता हसला तर हसू दे. एखाद्या ठिकाणी उजेडाची बारीक रेघ दिसली तर काळजी नाही. उष्णता सोसणारी नमद्याची पट्टी झाकणाच्या कडेला चिकटवून ती बुजवता येते. पूर्ण वर्तुळ उजळलं तर मात्र दुसरं ग्रिल दाखवायला सांगा. घरी आणल्यावरही एकदा तपासा: स्वयंपाक झाला की सगळ्या झडपा बंद करून ठेवायच्या. सकाळी भांड्यात काळे, घट्ट कोळसे उरलेले असतील तर ते झटकून पुढच्या वेळी वापरा. नुसती राख उरली असेल तर फट कुठे आहे ते शोधायला लागा.