स्लाव्ह फँटसी

रशियन, युक्रेनी, पोलिश, सर्ब आदी स्लाव्ह लोकांच्या लोककथा, समजुती आणि ख्रिस्ती धर्मापूर्वीची दैवते यांवर उभा राहिलेला फँटसीचा प्रकार. हे साहित्य वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते : या दैवतांची त्यांच्या उपासकांनी लिहिलेली एकही पोथी उरलेली नाही. ग्रीकांना होमर आहे, आइसलँडला एड्डा हा जुन्या देवकथांचा ग्रंथ आहे. स्लाव्ह देवांबद्दल लिहिले ते बहुतेक त्यांना पाडणाऱ्यांनी.

कीव्हच्या व्लादिमीरने 980 मध्ये टेकडीवर मूर्ती उभारल्या. त्यांत मेघगर्जनेचा देव पेरुन लाकडाचा; डोके चांदीचे, मिशा सोन्याच्या. 988 मध्ये याच राजाने बाप्तिस्मा घेतल्यावर पेरुनला घोड्याच्या शेपटीला बांधून फरफटत नेले, बारा जणांनी त्याला काठ्यांनी बडवले आणि नीपर नदीत ढकलले. हे सांगणारी बखर ख्रिस्ती मठातली, बाराव्या शतकाच्या आरंभीची. लेखकांना कल्पनेसाठी मोकळे रान मिळते ते या तुटपुंज्या आधारामुळेच. काही ‘देव’ तर निव्वळ गैरसमजातून जन्मले. लेल हा प्रेमदेव बहुधा लोकगीतांतल्या पालुपदातून निघाला. जुन्या अभ्यासकांनी पालुपदाला नाव समजून देव्हाऱ्यात बसवले.

मोठे देव गेले तरी घरातली आणि रानातली मंडळी टिकली, आणि या प्रकाराची खरी गंमत त्यांच्यातच आहे. दोमोवोय हा घराचा राखणदार भट्टीमागे राहतो. घर बदलताना जुन्या भट्टीतले निखारे नेऊन त्याला नव्या घरी यायचे आमंत्रण देत. लेशी हा रानाचा धनी वाट चुकवतो. त्यावर उतारा म्हणजे कपडे उलटे घालायचे आणि डाव्या-उजव्या जोड्यांची अदलाबदल करायची. पोलिश समजुतीत दोन जीव घेऊन जन्मलेली बाई मेल्यावर ‘स्चिगा’ होऊन रक्त पिते. बाबा यागा ही रानातली म्हातारी खलात बसून बत्त्याने वल्हवत उडते. तिची झोपडी कोंबडीच्या पायांवर उभी; ‘रानाकडे पाठ कर, माझ्याकडे तोंड कर’ म्हटले की वळते. यागा पोरे खाते खरी, पण धीटपणे बोलणाऱ्याला वाटही दाखवते. तिला नुसती चेटकीण म्हणून रंगवणारी कादंबरी फिकी पडते.

रशियन कथांतला दुष्ट, ‘अमर’ कोश्चेई याचे मरण सुईच्या टोकात, सुई अंड्यात, अंडे बदकात, बदक सशात, ससा पेटीत आणि पेटी ओकच्या झाडाखाली. राक्षसाचा जीव पोपटात असलेली गोष्ट ऐकलेल्या मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटेल. लोककथा-अभ्यासक दोन्ही एकाच कथाप्रकारात धरतात.

यातल्या बऱ्याच सामग्रीचा साठा म्हणजे अलेक्सांद्र अफनास्येव यांनी 1855 ते 1863 दरम्यान छापलेल्या सुमारे 600 रशियन कथा. आधुनिक लाटेला जोर आला तो पोलिश लेखक आंद्रेय सापकोव्हस्की यांच्या राक्षस मारणाऱ्या भाडोत्री नायकामुळे. त्याची पहिली कथा 1986 मध्ये मासिकात आली. पुढे कादंबऱ्या आणि व्हिडिओ गेम झाले. मात्र त्यातले एल्फ आणि बुटके स्लाव्ह नव्हेत, ते पश्चिमेकडून आलेले पाहुणे आहेत.

इंग्रजीतून वाचताना नावे दमवतात. वासिलिसा, वास्या आणि वासिलिसा पेत्रोव्ना ही तीन पात्रे नसून एकच मुलगी असते. ‘पेत्रोव्ना’ म्हणजे प्योत्रची लेक.