निविदेच्या निकालावर हरकत : इंदूरच्या निविदाकारांसाठी माहिती

सरकारी निविदेत आपली बोली बाद ठरली किंवा अटी पूर्ण न करणाऱ्याला काम मिळाले, तर दाद कोठे मागावी, असा प्रश्न इंदुरातील अनेक मराठी कंत्राटदार आणि पुरवठादारांना पडतो. शेजारच्या राजस्थानात सरकारी खरेदीसाठी 2012 चा कायदा असून त्यात अपिलाची रीतसर सोय आहे. मध्य प्रदेशात तसा स्वतंत्र कायदा नाही. त्यामुळे येथे आधी निविदा काढणाऱ्या कार्यालयाकडे लेखी हरकत आणि नंतर उच्च न्यायालय, असाच मार्ग उरतो.

हरकत घेण्याचा अधिकार सर्वसाधारणपणे निविदेत भाग घेतलेल्यालाच असतो, आणि तांत्रिक लिफाफ्यात (पात्रतेचे कागद असलेल्या भागात; दर वेगळ्या आर्थिक लिफाफ्यात असतो) बाद झालेल्याने दुसऱ्याच्या दराबद्दल केलेली तक्रार सहसा टिकत नाही. अटच जाचक असेल, म्हणजे अनुभवाची किंवा उलाढालीची अट एखाद्यालाच डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली दिसत असेल, तर बोलीपूर्व बैठकीत किंवा निदान बोली भरण्याच्या शेवटच्या तारखेपूर्वी तसे लेखी कळवावे. अट मुकाट्याने मान्य करून बोली भरायची आणि हरल्यावर तिलाच नावे ठेवायची, हे न्यायालयाला पटत नाही, आणि त्यात न्यायालयाचे काही चुकते असे म्हणता येत नाही.

तांत्रिक मूल्यांकनाचा निकाल पोर्टलवर आल्यापासून आर्थिक लिफाफा उघडेपर्यंतचा काळ सर्वांत मोलाचा असतो, कारण तोवर कोणाचाही हक्क निर्माण झालेला नसतो आणि अधिकाऱ्याला चूक सुधारणे सोपे जाते. अर्ज निविदा काढणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावे करावा आणि त्यात निविदेचा क्रमांक, कोणत्या कलमाचा भंग झाला आणि कोणत्या पानावरील कागदाने आपली पात्रता सिद्ध होते, एवढेच नेमके लिहावे. उदाहरणार्थ, सनदी लेखापालाचे उलाढालीचे प्रमाणपत्र जोडलेले असूनही तक्त्यात ‘अप्राप्त’ असा शेरा आला असेल, तर त्या प्रमाणपत्राचा पृष्ठक्रमांक देणे हे दहा पाने संतापापेक्षा अधिक उपयोगी पडते. अर्ज ईमेलने पाठवला तरी एक प्रत आवक शाखेत देऊन शिक्का व क्रमांक घ्यावाच. केंद्र सरकारच्या कार्यालयांना 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतील नियम 173 लागू असून, त्यानुसार बोलीदाराने विचारल्यास बोली नाकारल्याची कारणे सांगावी लागतात. म्हणून अशा अर्जात या नियमाचा उल्लेख अवश्य करावा.

सोबत निविदा सूचना व तिची सर्व शुद्धिपत्रे, बोली सादर केल्याची ऑनलाइन पावती, अनामत रकमेची पावती (येथील कागदांत हीच ‘धरोहर राशि’), मूल्यांकनाचा तक्ता आणि स्वाक्षरी करणाऱ्याचे अधिकारपत्र जोडावे. भागीदारी संस्था असल्यास भागीदारीपत्र आणि कंपनी असल्यास संचालक मंडळाचा ठराव लागतो. मूळ कागद मराठीत असेल तर त्याचे हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवावे. हाती नसलेले कागद माहितीच्या अधिकारात दहा रुपये शुल्क भरून मागता येतात, परंतु उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते आणि तेवढ्यात कार्यादेश (काम सुरू करण्याचा आदेश) निघू शकतो, म्हणून या अर्जाच्या भरवशावर हरकत थांबवू नये.

उत्तर आले नाही किंवा ते असमाधानकारक असेल, तर संविधानाच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात रिट याचिका करता येते. खंडवा आणि बुऱ्हाणपूर मात्र जबलपूरच्या अखत्यारीत येतात. याचिकेत यशस्वी बोलीदाराला प्रतिवादी करावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने 1994 च्या टाटा सेल्युलर आणि 2007 च्या जगदीश मंडल प्रकरणांत घालून दिलेल्या चौकटीनुसार न्यायालय निर्णयापेक्षा निर्णयाची प्रक्रिया तपासते. ती मनमानी, पक्षपाती किंवा दुष्ट हेतूने झाली का आणि लोकहिताला बाधा येते का, एवढेच पाहते. आपला दर थोडा कमी होता किंवा आपले काम सरस आहे, हा युक्तिवाद तेथे फारसा चालत नाही. रस्ते, पाणीपुरवठा अशा पायाभूत कामांना स्थगिती मिळणे तर अधिकच अवघड आहे, कारण 2018 च्या दुरुस्तीने विशिष्ट अनुतोष अधिनियमात (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) अशा स्थगितीला मनाई घातली असून 2022 च्या एन. जी. प्रोजेक्ट्स निकालात सर्वोच्च न्यायालयाने रिट न्यायालयांनाही हात आखडता ठेवण्यास सांगितले आहे. काम सुरू होऊन निम्मे झाल्यावर केलेली याचिका बहुधा विलंबाच्या कारणावरच अडते.

बोलीदारांनी आपसांत संगनमत करून दर ठरवल्याचा पुरावा असेल, तर भारतीय स्पर्धा आयोगाकडे, आणि अधिकाऱ्याच्या भ्रष्टाचाराचा आरोप असेल, तर भोपाळच्या लोकायुक्तांकडे शपथपत्रासह तक्रार करता येते. मात्र या तक्रारींनी कार्यादेश आपोआप थांबत नाही. भोपाळमध्येच 1983 च्या कायद्याखालील माध्यस्थम अधिकरण (लवाद) आहे, पण ते करार झाल्यानंतरच्या बांधकामविषयक वादांसाठी आहे, आणि करारच न मिळालेल्याने तेथे जाण्यात काही अर्थ नाही.