हिमनदीवर ‘परत फिरा’ म्हणण्याचा अधिकार

हिमनदीवर चालायला नेणारा वाटाड्या निघण्याआधी बुटांना क्रॅम्पॉन (बर्फात रुतणारे धातूचे दात) लावून देतो, कमरेला दोर अडकवायचा पट्टा म्हणजे हार्नेस तपासतो आणि वाटेत कुठेही ‘आता परत फिरायचं’ असं सांगू शकतो. त्याचा हा शब्द अखेरचा मानला जाऊ लागला, त्यामागे तीन वाटाड्यांचे मृत्यू आहेत.

हौशी प्रवाशांचं लक्ष फ्रान्सच्या आल्प्समधल्या शामोनी गावाच्या बर्फाकडे वळलं ते 1741 मध्ये. विल्यम विंडम आणि रिचर्ड पोकॉक हे इंग्रज त्या वर्षी स्थानिक माणसांना सोबत घेऊन आज ‘मेर द ग्लास’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हिमनदीवर उतरले. रानबोकड आणि स्फटिक शोधत हिंडणाऱ्या गावकऱ्यांना हा बर्फ ठाऊक होताच. आता त्या माहितीला मोल आलं. 1786 मध्ये माँ ब्लाँ हे शामोनीजवळचं आल्प्समधलं सर्वोच्च शिखर सर झालं आणि प्रवाशांची रीघ लागली.

ऑगस्ट 1820 मध्ये जोसेफ हॅमेल यांची तुकडी माँ ब्लाँ चढत होती. हवा बिघडली होती आणि पुढे जाऊ नये असं वाटाड्यांचं मत होतं. हॅमेल यांनी ते मानलं नाही. हिमलोट कोसळला आणि प्येर बाल्मा, प्येर कारिए व ऑग्युस्त तेराझ हे तिघे वाटाडे बर्फातल्या भेगेत गाडले गेले. पुढच्याच वर्षी शामोनीत वाटाड्यांची संघटना उभी राहिली. कामाच्या पाळ्या ठरल्या, संकटात सापडलेल्या कुटुंबांसाठी मदतनिधी आला.

त्या तिघांचे अवशेष 1861 मध्ये माँ ब्लाँवरून खाली वाहणाऱ्या बोसाँ हिमनदीच्या खालच्या टोकाला बाहेर आले. हिमनदीच्या गतीचा अभ्यास केलेल्या जेम्स फोर्ब्स यांनी साधारण चाळीस वर्षांचाच अंदाज बांधला होता. बर्फ वाहतो, त्यामुळे भेगाही जागा बदलतात. गेल्या महिन्यातली वाट आज तशीच असेल याचा भरवसा नाही. नकाशा हाती असूनही वाटाड्या लागतो तो यासाठी.

इंग्रज गिर्यारोहक ऑस्कर एकेनस्टाइन यांनी 1908 च्या सुमारास दहा दातांचा क्रॅम्पॉन आखला. कुऱ्हाडीने पायऱ्या खोदत जाण्याचे कष्ट त्याने खूप कमी झाले, आणि गिर्यारोहक नसलेल्यांनाही बर्फावर चालता येऊ लागलं.

आता बर्फच मागे सरतो आहे. मेर द ग्लासवर 1988 च्या रोपवेतून उतरलं की थोड्याच पायऱ्यांवर बर्फ लागत असे. पुढे त्या पाचशेच्या वर गेल्या आणि 2024 मध्ये आणखी वरच्या बाजूला नवा रोपवे बांधावा लागला. न्यूझीलंडच्या फ्रान्झ जोसेफ हिमनदीवर दरीतून चालत चढण्याची सोय 2012 मध्ये थांबली. तिथे आता हेलिकॉप्टरने बर्फावर उतरून चालतात. पायथ्यापासून चढत जाण्यातली ओळख त्यात हरवते, असं मला मनापासून वाटतं.

जुलै 2022 मध्ये उष्णतेमुळे दरडी कोसळू लागल्या, तेव्हा शामोनीच्या त्याच संघटनेने माँ ब्लाँच्या नेहमीच्या वाटेवरच्या चढाया थांबवल्या.