दवण्याची विषारी चुलतबहीण

चैत्रात आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज येऊन पडला: ‘शेतात औषधी वनस्पती लावा. त्यांच्या सात्त्विक लहरींनी जमीन शुद्ध होते, तण आपोआप मरतं.’ पाठवणाऱ्या काकांकडे शेत तर सोडाच, गॅलरीत कुंडीही नाही. लहरींचं काकाच जाणोत, पण तणाचं म्हणणं पूर्ण खोटं नाही. फक्त त्यात सात्त्विक असं काही नसतं. असतं ते विष.

झाडं रसायनं सोडून शेजाऱ्यांची वाढ बदलतात, बहुतेकदा अडवतात. या प्रकाराला हान्स मोलिश यांनी १९३७ साली अ‍ॅलिलोपथी असं नाव दिलं. आपल्याकडे गाजरगवताचं उदाहरण सगळेच देतात. मला त्याच सूर्यफूल कुळातली ‘आर्टेमिसिया अ‍ॅन्युआ’ जास्त आवडते. जोतिबाला वाहतात तो दवणाही आर्टेमिसियाच, म्हणजे ही त्याची चिनी चुलतबहीण. हिच्या पानांतून आर्टेमिसिनिन मिळतं. मलेरियावरच्या या औषधाच्या शोधासाठी चीनच्या यूयू तू यांना २०१५ सालचं नोबेल मिळालं.

आता माझ्या लाडक्या भागाकडे येतो. आर्टेमिसिनिनच्या रेणूत १५ कार्बन, २२ हायड्रोजन आणि ५ ऑक्सिजन असतात. त्या पाचांपैकी दोन ऑक्सिजन एकमेकांचा हात धरून रेणूच्या आत पुलासारखे बसलेले असतात. हा पेरॉक्साइडचा पूल मुळातच कच्चा. त्याला लोह भेटलं की तो तुटतो आणि त्यातून अर्धवट बंध उरलेले मुक्त मूलक तयार होतात. हे मूलक हाताला लागेल त्या प्रथिनाला चिकटतात आणि त्याचं काम बिघडवतात. मलेरियाचा परजीवी आपलं हिमोग्लोबिन खातो, त्यातून लोहयुक्त हीम मोकळं होतं, आणि त्याच्याच जेवणाने त्याच्या पोटात हा बॉम्ब फुटतो.

माणसाला तारणारा हाच रेणू कोवळ्या रोपांच्या मुळावर उठतो, अगदी शब्दशः. अमेरिकेत १९८७ साली झालेल्या प्रयोगांत त्याने लेट्यूसची आणि राजगिऱ्याच्या भाऊबंद तणाची रोपं खुरटवली. मुळाच्या टोकाशी पेशींचं विभाजनच बिघडतं.

मग ही बाई स्वतः कशी जगते? पानावर बारीक लव असते. तिच्यातल्या काही केसांच्या टोकाला दहा पेशींची एक ग्रंथी असते आणि त्या पेशींच्या वर, पातळ आवरणाखाली, एक फुगीर पिशवी. माल त्या पिशवीत, पेशींच्या बाहेर साठतो. फटाक्यांची दारू माजघरात न ठेवता परसातल्या खोलीत ठेवावी, तसं. ग्रंथी नसलेल्या वाणाच्या पानांत आर्टेमिसिनिन सापडलं नाही, तेव्हा ही साठवण नक्की कुठे होते ते कळलं.

पिशव्या फुटतात, पानं गळतात, आणि ते मातीत उतरतं. पण आर्टेमिसिनिन पाण्यात जेमतेम विरघळतं, मातीतल्या सेंद्रिय कणांना चिकटतं आणि जिवाणू त्याचा हळूहळू फडशा पाडतात. शिवाय १९९७ सालच्या प्रयोगांत या पानांनी शेजाऱ्यांची वाढ अडवली, तिचा सगळा दोष एकट्या आर्टेमिसिनिनवर टाकता आला नाही. पानांतली बाकीची मंडळीही सामील असतात. आणि ती तण-पीक असा भेद करत बसत नाहीत, म्हणून ‘नैसर्गिक तणनाशक’ हे शब्द वाचले की मी आधी खिसा सांभाळतो.

या विषयातल्या अनेक निबंधांबद्दलही माझी एक तक्रार आहे. पानं वाटायची, दाट अर्क बशीतल्या बियांवर ओतायचा, बी रुजलं नाही की विष सापडलं म्हणून जाहीर करायचं. मी स्वयंपाकघरात हळिवावर हे करून पाहिलं. तीन बशांत ओला टिश्यू पेपर पसरला. पहिल्या बशीत साधं पाणी घातलं, तिथे हिरवळ माजली. दुसऱ्या बशीत दवण्याच्या पानांचा दाट अर्क घातला, तिथे मुळं आखूड आणि टोकाशी तपकिरी. झालं, निबंध तयार! पण तिसऱ्या बशीत मी गुळाचं दाट पाणी घातलं होतं. तिथेही हळीव जेमतेम फुटलं, कारण इतक्या दाट पाण्यातून बियांना पाणी ओढूनच घेता येत नाही.

काकांना मी तिन्ही बशांचा फोटो पाठवला. त्यांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि खाली लिहिलं, ‘गुळानेही तण मरतं का?’