आरशाचा देठ

गेल्या जुलैत पावसाने चार दिवस उसंत दिली नव्हती. तेव्हा ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या इमारतीतली नववीतली मुलगी खेळण्यातल्या दोन गाड्या घेऊन आली. एक तिची स्वतःची, १:४३ मापाचा, म्हणजे खऱ्याच्या त्रेचाळिसाव्या हिश्श्याएवढा ट्रक. त्याचा डावा आरसा देठापासून मोडला होता. दुसरी आजोबांची, त्यांनी बोटीवर नोकरीला असताना परदेशातून आणलेली कॉर्गीची मोटार. तिची मागची काच सुटून आत खुळखुळत होती. कॉर्गी गाड्या १९५६ साली ब्रिटनमध्ये बाजारात आल्या, त्या ‘खिडक्यांना काचा असलेल्या’ म्हणूनच. तोवर धातूच्या बहुतेक छोट्या गाड्यांच्या खिडक्या मोकळ्याच असायच्या.

“काका, फेविक्विक लावू?” असं म्हणेपर्यंत तिने ट्यूबचं टोपण काढलंसुद्धा.

मी ट्यूब आधी बाजूला ठेवली. ठाण्याच्याच वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांत प्लास्टिक मोल्डिंगच्या, म्हणजे साच्यातून वस्तू काढण्याच्या कामात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. काही तुटलं की लोक विचारतात, ‘कुठला गोंद लावू?’ माझ्या मते पहिला प्रश्न ‘हे प्लास्टिक कुठलं?’ हा हवा. उत्तर बहुतेक वेळा त्या मोडलेल्या तुकड्यातच लिहिलेलं असतं.

भिंगाखाली आम्ही आरशाचा देठ धरला. काळ्या प्लास्टिकची मोडलेली कड पांढुरकी दिसत होती. ही एबीएस नावाच्या प्लास्टिकची ओळख. एबीएस म्हणजे कडक प्लास्टिकमध्ये रबराचे अतिसूक्ष्म कण पेरलेले असतात. देठ वाकला की या कणांभोवती हजारो बारीक भेगा पडतात आणि धक्क्याची ताकद त्या भेगा पाडण्यात खर्ची पडते. म्हणून तो काचेसारखा फट्कन तुटत नाही. त्या भेगांवर प्रकाश विखुरतो आणि कड पांढरी दिसते. खडीसाखरेचा खडा पारदर्शक, पण कुटला की पांढरा, तसंच हे. उलट गाडीच्या काचा ज्या स्वच्छ पॉलिस्टायरीनच्या असतात, त्यांची कड मोडल्यावरही लखलखीत, काचेसारखीच राहते.

खात्रीसाठी दुसरी परीक्षा स्वयंपाकघरात होते. एका वाटीत साधं पाणी, दुसरीत मीठ विरघळेनासं होईपर्यंत घातलेलं पाणी, आणि दोन्हींत भांड्याच्या साबणाचा एकेक थेंब, नाहीतर एवढासा तुकडा पाण्याच्या ताणावरच तरंगत राहतो आणि फसवतो. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन साध्या पाण्यातही तरंगतात, कारण पाण्याची घनता एक धरली तर त्यांची त्याहून कमी, ०.९ ते ०.९७. एबीएस आणि पॉलिस्टायरीन सुमारे १.०५ चे, म्हणजे साध्या पाण्यात बुडणारे आणि मिठाच्या पाण्यात वर येणारे. अ‍ॅसिटल नावाचं प्लास्टिक १.४ च्या आसपास, ते दोन्हीकडे तळ गाठतं. आमचा आरसा साध्या पाण्यात बुडाला आणि खारट पाण्यात वर आला. तिने तो तीनदा बुडवून पाहिला.

तरंगणारा तुकडा निघाला असता, तर मी गोंदाचा नाद सोडायला सांगितलं असतं. अळवावरचं पाणी सगळ्यांनी पाहिलेलं आहे. थेंब गोल राहतो, पान ओलं होत नाही. अळूच्या पानाला मेणाचा थर आणि सूक्ष्म उंचवटे दोन्ही असतात. पॉलिथिलीनला उंचवटे नसले तरी त्याच्या पृष्ठभागाची ओढ मेणासारखीच दुबळी असते. गोंद आधी पसरला पाहिजे, मगच धरणार. तिथे तो पसरतच नाही, म्हणून वाळल्यावर नखाने पापुद्र्यासारखा निघतो. अशा भागाला खिळी नाहीतर स्क्रूच हवा.

एबीएसला मात्र अ‍ॅसिटोन, म्हणजे नखांचा रंग काढायला वापरतात तो द्रव, चालतो. याला चिकटवणं म्हणण्यापेक्षा सांधणं म्हणावं. अ‍ॅसिटोन दोन्ही कडा मऊ करतो, लांबच लांब रेणूंच्या साखळ्या सैल होऊन एकमेकींत शिरतात, मग अ‍ॅसिटोन उडून जातो. ओल्या शेवयांचे दोन गुंते एकमेकांत मिसळून वाळावेत तसं. मागे गोंद उरत नाही, प्लास्टिकच उरतं. बारीक ब्रशने एक थेंब पुरे, आणि पूर्ण एक दिवस हात लावायचा नाही. खिडकी उघडी हवी आणि जवळपास ज्योत नको, कारण अ‍ॅसिटोन पटकन पेटतो.

पण एवढ्याने आरसा टिकेल का? इथे थोडं गणित करू. देठ १ मिलिमीटर जाड, आरसा त्यावर ८ मिलिमीटर पुढे. टोकाला बोट लागलं की देठाच्या मुळाशी पडणारा ताण भार आणि लांबी यांच्या गुणाकाराने वाढतो आणि जाडीच्या घनाने कमी होतो. एबीएस साधारण ४० मेगापास्कल (ताण मोजायचं एकक) ताण सोसतं. हिशेब केला तर टोकाशी ५० ग्रॅमच्या आसपास भार पुरतो, एखाद्या लिंबाएवढा. देठ दुप्पट जाड असता तर आठ पट भार पेलला असता, पण मग तो ट्रकचा आरसा दिसला नसता. त्यात देठ जिथे केबिनला मिळतो तो कोपरा धारदार असला, की ताण नेमका तिथे गोळा होतो. डाय, म्हणजे साचा, बनवणारे अशा कोपऱ्याला म्हणून थोडी गोलाई देतात. छोट्या खेळण्यात ती गोलाईही नजरेला खटकते, आणि मग सगळे आरसे तिथेच मोडतात.

गोंदाची अडचणही वाकण्यातच आहे. झटपट गोंद ओढायला घट्ट असतो, पण वाकवलं किंवा धक्का बसला की एका कडेपासून उकलत जातो. म्हणून सांध्याच्या पोटात कणा घालायचा. टाचणीने दोन्ही तोंडांच्या मध्यावर खूण केली, हाताने फिरवायच्या छोट्या ड्रिलने ०.३ मिलिमीटरची भोकं पाडली आणि गिटारच्या सर्वांत बारीक तारेचा ५ मिलिमीटरचा तुकडा आत बसवला. ही पोलादी तार पाव मिलिमीटरची, म्हणजे देठाच्या छेदाच्या सोळाव्या हिश्श्याची. तरी वाकण्याचा हिशेब मांडला तर ती एकटी जवळपास अख्ख्या देठाएवढा भार पेलते, आणि वर वाकून परत सरळ होते. भोकं पाडायला आम्हाला पाऊण तास लागला. मुलीचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता.

आता ती काच. फार वर्षांपूर्वी मी अशीच एक काच झटपट गोंदाने बसवली आणि सकाळी ती मोतीबिंदू झाल्यासारखी दिसली. हा गोंद म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट. ईस्टमन कोडॅकच्या हॅरी कूव्हर यांच्या हाती तो १९४२ साली आला, तोही बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना. सगळ्यालाच चिकटतो म्हणून तेव्हा त्यांनी तो बाजूला टाकला होता. विक्रीला आला १९५८ मध्ये. हवेतली ओल मिळाली की तो घट्ट होतो. पण त्याची थोडी वाफ आधीच उडते, आजूबाजूच्या ओलीने तिथल्या तिथे घट्ट होते आणि पांढरी भुकटी होऊन काचेवर बसते. ठाण्याच्या पावसाळ्यात तर याला आयतं निमंत्रण. अ‍ॅसिटोनही काचेच्या जवळ नेऊ नये. मोल्डिंगमध्ये पारदर्शक भागात ताण कोंडलेला राहतो आणि अ‍ॅसिटोन लागताच बारीक भेगांचं जाळं उमटतं.

काचेवर भार काहीच नसतो, ती फक्त जागेवर बसायला हवी. त्यासाठी सुताराचा पांढरा गोंद उत्तम. तो पांढरा दिसतो कारण त्यात पाण्यात तरंगणारे पॉलिमरचे कण असतात. पाणी उडालं की कण एकमेकांत मिसळून सलग पारदर्शक थर होतो. प्लास्टिकला तो फार घट्ट धरत नाही, इथे तोच गुण आहे. पुढे कधी काच काढावी लागली तर ओल्या कापडाने सुटते.

गाडी उलटी केल्यावर मला आणखी एक गोष्ट दिसली. आजोबांनी ही मोटार प्लास्टिकच्या पारदर्शक डबीत वर्षानुवर्षं ठेवली होती. डबीच्या तळाशी चाकांचे चार खड्डे पडले होते आणि तिथलं प्लास्टिक चिकट झालं होतं. अशा डब्या पॉलिस्टायरीनच्या असतात. मऊ पीव्हीसीचे टायर मऊ राहावेत म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य मिसळतात. वर्षं जातात तसं ते हळूहळू बाहेर झिरपतं आणि पॉलिस्टायरीनला लागलं की ते विरघळवतं. मग टायर कडक होतो आणि डबी मऊ. उपाय सोपा आहे. गाडीच्या पोटाखाली पुठ्ठ्याचा ठोकळा ठेवायचा, चाकं अधांतरी राहतील एवढ्या उंचीचा. आणि पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन टाळायचं, कारण एबीएसमधलं रबर उन्हाने आधी पिवळं आणि मग ठिसूळ होतं.

कोरड्या दिवसांत पांढरा गोंद काही तासांत वाळतो. त्या आठवड्यात त्याला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ झाली. आजोबा स्वतःच वर आले, मोटार ट्यूबलाइटखाली धरली आणि मागच्या काचेतून पुढच्या काचेपर्यंत आरपार पाहिलं.