टाइप सिस्टिम गुपितंही सांभाळते

‘टाइप तपासणी म्हणजे आकडा आणि मजकूर यांची गल्लत पकडणं, क्रिप्टोग्राफीच्या सुरक्षेशी तिचा संबंध नाही’ हा समज प्रोग्रामरांमध्ये वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे.

गुप्त टॅग, म्हणजे संदेश अस्सल असल्याची खूण, एकेक बाइट करून ताडणारं लूप घ्या. पहिल्या न जुळलेल्या बाइटला ते थांबलं, तर लागलेल्या वेळावरून किती बाइट बरोबर आले ते हल्लेखोराला कळू शकतं. उत्तर अचूक, तरी गुपित फुटलं! चाचण्यांमध्ये हे सहसा दिसतच नाही.

वेबअसेंब्ली म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा, यंत्रभाषेच्या जवळचा कोड. २०१९ मध्ये मांडलेल्या सीटी-वासम या तिच्या विस्तारात गुप्त पूर्णांकांना वेगळा टाइप आहे: नेहमीचा ३२ बिटांचा पूर्णांक आय३२, तर गुप्त एस३२. एस३२ वर ‘इफ’ लावता येत नाही, त्यावरून मेमरीतला पत्ता काढता येत नाही, त्याने भागाकारही नाही, कारण या क्रियांचा वेळ किंमतीनुसार बदलू शकतो. वरचं लूप चालण्याआधीच नाकारलं जातं. सगळे बाइट एक्सऑर करून (ही क्रिया दोन बिट वेगळे असले तरच १ देते) फरक साठवत शेवटपर्यंत जावंच लागतं, आणि निकाल उघड करायची मुभा फक्त विश्वासू ठरवलेल्या फंक्शनला.

जावास्क्रिप्टला टाइप जोडणाऱ्या टाइपस्क्रिप्ट या भाषेकडून मात्र ही अपेक्षा नको. तिचे टाइप कंपाइल होतानाच पुसले जातात.