सघन जमीनवापर आणि प्राणीसमूहांवर तापमानवाढीचा परिणाम

हवामान तापत गेलं की एखाद्या जागेतल्या पक्ष्यांची, फुलपाखरांची, किड्यांची सरमिसळ बदलते, म्हणजे उष्णता मानवणाऱ्या जाती वाढतात, गारव्यातल्या घटतात. आजूबाजूला सघन शेती किंवा वस्ती किती पसरलीय त्यावर हा बदल कसा होईल हे बरंचसं ठरतं.

मोजमापासाठी ‘समूह-तापमान निर्देशांक’ म्हणजे सीटीआय वापरतात. प्रत्येक जात जिथे जिथे राहते तिथलं सरासरी तापमान काढायचं आणि मग एका जागी दिसलेल्या सगळ्या जातींची, संख्येचं वजन देऊन, सरासरी घ्यायची. साधारण 2008 पासून हे रुळलं, त्या वर्षी संशोधक देव्हिक्तोर आणि सहकाऱ्यांनी फ्रान्सच्या पक्ष्यांवर काम छापलं: 1989 ते 2006 मध्ये एखादं ठराविक तापमान 273 किमी उत्तरेला सरकलं, पक्षीसमूह मात्र 91 किमीच. पुढे 2012 मध्ये युरोपभरचा हिशोब आला, तापमान 249 किमी, फुलपाखरं 114 आणि पक्षी फक्त 37. या मागे पडण्याला हवामान-ऋण म्हणतात (उधारी म्हटलं तरी चालेल).

खरा घोळ अर्थ लावण्यात आहे. सीटीआय वाढला म्हणजे समूहाने जुळवून घेतलं असं काही जण धरायचे, पण वर्गातली बुटकी मुलं निघून गेली तरी सरासरी उंची वाढतेच ना, नवीन उंच मुलगा कोणी आलेला नसतो. संशोधक टॉम ऑलिव्हर आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये इंग्लंडमधल्या 600 हून जास्त जागांची तीन दशकांची आकडेवारी घेऊन गारव्यातल्या (थंड) आणि उष्णता मानवणाऱ्या (उष्ण) जाती वेगळ्या काढल्या. पक्ष्यांमधली वाढ मुख्यतः थंड जाती गेल्यामुळे दिसली, फुलपाखरांत उष्ण जाती खरंच वाढत होत्या. आणि भोवती सघन वापराची जमीन जास्त असेल तिथे पक्षी आणि फुलपाखरं दोन्हींतल्या थंड जातींची घट वाढलेली, शिवाय पक्ष्यांतल्या उष्ण जातींची वाढ अडलेली, म्हणजे पक्ष्यांना दोन्हीकडून तोटा. हेच वाचन जास्त पटतं.

कारणं साधी आहेत. झाडं गेली की दुपारची सावली जाते, उघड्या रानात जमिनीलगतची हवा जास्त तापते, आणि नवीन जातींना यायला मधे टप्पेच उरत नाहीत.

कीटकांवर 2022 चं जगभरचं विश्लेषण आहे. सघन शेती आणि बरीच तापमानवाढ एकत्र असेल तिथे, न तापलेल्या नैसर्गिक अधिवासाच्या तुलनेत, कीटकांची संख्या 49 टक्के आणि जाती 27 टक्के कमी. शेताभोवती 75 टक्के नैसर्गिक अधिवास असेल तर संख्येतली घट 7 टक्क्यांवर राहते, 25 टक्केच असेल तर 63 वर जाते, पण हे शेवटचे दोन आकडे कमी सघन शेतीपुरतेच आहेत.